जंगलापासून खाडीपर्यंत मोटारीविना जाऊ द्या : ठाण्याच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
ठाणे शहराचे रस्ते, जंगल आणि खाडीकिनारा यांविषयीचे निर्णय ज्यांच्या हाती आहेत ते सर्व अधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांस,

विषय : येऊर ते खाडीकिनारा या पट्ट्यात मोटारमुक्त सायकलमार्ग मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे सेवा रस्ते मुख्य रस्त्यात विलीन करण्याचा निर्णय आपण घेतला. कापूरबावडीपासून गायमुखापर्यंत राहणाऱ्या आम्हा लोकांना त्यामागची कारणे ठाऊक आहेत. उरणच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून गुजरातकडे निघणारे कंटेनर, मेट्रोच्या खांबांनी अरुंद झालेल्या मार्गिका आणि तासन्‌तास जागची न हलणारी वाहतूक आम्ही रोज सोसतो, आणि ही कोंडी फुटावी असे आम्हालाही मनापासून वाटते. परंतु हा निर्णय घेताना, त्या सेवा रस्त्यांवरून सायकलने जाणाऱ्या माणसाने यापुढे कोठून जायचे, हा प्रश्न कोणी विचारला असल्याचे दिसत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर मागण्यासाठी हे पत्र आहे. ते उघडपणे लिहीत आहे, कारण हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही आणि उत्तरही सर्वांसमोर मिळायला हवे.

मी या पट्ट्यातील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते आणि गेली बरीच वर्षे शाळेत सायकलनेच जाते. नववी-दहावीची कितीतरी मुले पूर्वी सायकलने शाळेत येत. आता सायकली ठेवण्याच्या जागेत शिक्षकांच्या दुचाक्या उभ्या असतात. मुलांना सायकल आवडेनाशी झाली असे मुळीच नाही. पालकांना रस्त्याची भीती वाटते, आणि ती भीती खरी आहे. मागे येणाऱ्या टेम्पोचा धक्का लागून माझ्या वर्गातील एका मुलीचा हात मोडला, त्यानंतर तिच्या इमारतीतील सगळ्याच मुलांच्या सायकली जिन्याखाली गेल्या. त्या मुलांच्या वतीने बोलणे हे मी माझे काम समजते.

सायकलचा विषय निघाला की रविवारी पहाटे शिरस्त्राण घालून गायमुखाच्या घाटाकडे निघालेले हौशी तरुण डोळ्यांसमोर येतात. त्यांच्याविषयी मला आदरच आहे, परंतु या शहरात सायकलवर अवलंबून असणारी माणसे वेगळी आहेत. पहाटे घरोघरी दूध आणि पाव पोहोचवणारे, रात्रपाळी संपवून परतणारे सुरक्षारक्षक, इस्त्रीचे कपडे नेणारे, बांधकामावरचे मिस्त्री, कोलशेत-बाळकुमच्या कारखान्यांत आणि गोदामांत जाणारे कामगार यांना सायकल ही सवड असली तर करायची गोष्ट वाटत नाही. बस आणि रिक्षाचे भाडे वाचले तर त्यांच्या घरात ते पैसे लागतात. ही माणसे सभांना येत नाहीत आणि हरकती-सूचना नोंदवत नाहीत. म्हणून नियोजनाच्या कागदांवर ती दिसतही नाहीत.

आता जागेविषयी लिहिते, कारण माझे म्हणणे या जागेवरच उभे आहे. ठाण्यासारखी भौगोलिक रचना लाभलेली शहरे फार थोडी आहेत. पश्चिमेला येऊरचे डोंगर आहेत, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा पूर्व उतार. सुमारे १०३ चौरस किलोमीटरच्या या उद्यानाचा निम्म्याहून अधिक भाग ठाण्याच्या बाजूस मोडतो, तरी लोक अजून त्याला बोरिवलीचे उद्यानच म्हणतात. उत्तरेला उल्हास नदी खाडीचे रूप घेऊन कोलशेत, गायमुख करत वसईकडे जाते. पूर्वेला कळव्याजवळच्या चिंचोळ्या पात्रातून तिचा एक फाटा ठाण्याच्या खाडीला मिळतो, आणि तीच खाडी पुढे दक्षिणेला ऐरोली, वाशी करत मुंबई बंदरात उतरते. ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यानचा तिचा पश्चिम किनारा २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. उपवन तलावाकडून निघून कोलशेतच्या खाडीपर्यंत जायला सायकलने अर्धा-पाऊण तास पुरतो. घोडबंदर पट्ट्यात तर डोंगराची कड आणि खाडीचे पाणी यांच्यात काही ठिकाणी दोन-तीन किलोमीटरांचेच अंतर आहे. साग, ऐन, पळस यांच्या सावलीतून निघून तिवरांच्या काठावर पोहोचायला, तेही शहराची हद्द न ओलांडता, दुसरीकडे कोठे इतका थोडा वेळ लागत असेल असे मला वाटत नाही. मात्र मधल्या दोन-तीन किलोमीटरांत ठाण्याच्या माणसाला सायकल चालवण्याची हिंमत होत नाही, आणि माझ्या पहिल्या तक्रारीला सुरुवात होते ती येथूनच.

सेवा रस्ता हा सायकलसाठी बांधलेला नव्हता, आणि तो चांगला होता असेही मी म्हणणार नाही. त्यावर वाहने उभी असत, खोदकामे चालत, गटारांची झाकणे वर आलेली असत. तरीही तेथे वाहनांचा वेग कमी होता आणि अवजड वाहने व सायकल यांच्यामध्ये एक दुभाजक होता. तो दुभाजक गेला की पदपथ आणि कंटेनर यांच्यामधली हातभर जागा सायकलस्वाराच्या वाट्याला येते. रस्ता रुंद करताना मोटारींच्या किती मार्गिका होतील याचा हिशोब पहिल्या दिवसापासून मांडला गेला. सायकलच्या एका स्वतंत्र मार्गिकेचा हिशोब त्यात का नाही? २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने रस्त्याची जागा वाहनांपेक्षा माणसांना वाटून देण्याचे तत्त्व स्वीकारले आणि सायकलसाठी वेगळ्या मार्गिकांचा स्पष्ट उल्लेख केला. ते धोरण आले तेव्हा आज माझ्या वर्गात बसणारी मुले जन्मलीही नव्हती.

दुसरी तक्रार येऊरविषयी आहे आणि ती मांडताना मला अधिक वाईट वाटते. उपवनच्या पुढे वनविभागाच्या नाक्यापासून नागमोडी वळणे घेत वर जाणारा रस्ता हा या शहरातील सर्वांत सुंदर रस्ता आहे. पावसाळा सरता सरता सकाळी तेथे गेलात तर झाडांवरून ठिबकणारे पाणी आणि शीळ घालणारा कस्तूर एवढेच ऐकू यायला हवे. सुट्टीच्या दिवशी प्रत्यक्षात ऐकू येतात ते मोटारींतले स्पीकर, आणि दिसतात वळणावर एकमेकांना मागे टाकणाऱ्या दुचाक्या. येऊरमधील बेकायदा बंगले, हॉटेले आणि क्रीडांगणांचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यावर बरेच लिहिले गेले आहे, म्हणून मी त्यात शिरत नाही. परंतु त्या सगळ्यांपर्यंत माणसे पोहोचतात ती याच एका रस्त्याने आणि बहुतेक मोटारीनेच, ही गोष्ट लक्षात घ्यावी अशी माझी विनंती आहे. रात्री उशिरा दिव्यांच्या प्रखर झोतात या वळणांवरून खाली येणारी वाहने आणि त्याच वेळी पाणवठ्याकडे निघालेला बिबट्या किंवा सांबर यांची गाठ पडते. सकाळी आम्हाला रस्त्यावर चिरडलेले साप, बेडूक, मुंगूस दिसतात, आणि पहिल्या पावसानंतरच्या आठवड्यात तर खाली पाहून सायकल चालवणे नकोसे होते.

उद्यानाभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र ५ डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने निश्चित झाले. अशा क्षेत्रात वाहनांची वर्दळ वन्यजीवांच्या अधिवासाला बाधा न आणणाऱ्या रीतीने नियंत्रित करायची असते. हे नियंत्रण येऊरच्या रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी कोणत्या स्वरूपात होते, हे मला नागरिक म्हणून समजून घ्यायचे आहे. आपण ठरवले की रस्ता बंद होऊ शकतो, याची खात्री आम्हाला आहे. पावसाळ्यात धबधब्यांवर मनाई आदेश निघतात, वर्षअखेरीच्या रात्री येऊरच्या पायथ्याशी नाकाबंदी होते आणि ती नीट पार पडते. बाहेरच्या मोटारींपुरते हे दरवाजे सुट्टीच्या दिवशीही बंद ठेवता येतील.

तिसरी तक्रार खाडीची. गायमुख, नागला बंदर, कोलशेत, साकेत-बाळकुम, कोपरी अशा अनेक ठिकाणी खाडीकिनारा सुशोभित करण्याच्या योजना गेल्या काही वर्षांत आखल्या गेल्या, काही प्रत्यक्षातही आल्या. त्यांचे स्वागत झाले, मीही केले. कचरा आणि राडारोडा टाकण्याची जागा म्हणून ज्या किनाऱ्याकडे शहराने पाठ फिरवली होती, तेथे माणसे संध्याकाळी बसू लागली ही चांगली गोष्ट आहे. मात्र हे सगळे तुकडे एकमेकांपासून तुटलेले आहेत. एका चौपाटीवरून दुसरीकडे जायचे तर पुन्हा घोडबंदर रस्त्यावर यावे लागते, म्हणजे पुन्हा मोटार काढावी लागते, आणि मग त्या मोटारीसाठी चौपाटीवर वाहनतळ लागतो. किनाऱ्याच्या मूळच्या वहिवाटी वेगळ्या होत्या. चेंदणी, बाळकुम, कोलशेत, वाघबीळ, ओवळे या गावांतील कोळी आणि आगरी माणसे बांधांवरून, शेतांच्या कडेने पायी जात. निवट्या आणि चिंबोऱ्या धरणाऱ्या बायका आजही काही ठिकाणी त्याच वाटांनी ओहोटीला खाडीत उतरतात. त्या वाटांपैकी बऱ्याच भरावाखाली आणि संकुलांच्या कुंपणांमागे गेल्या. उरलेल्यांची कोणत्याही नकाशावर नोंद नाही. नोंद नसलेली वाट एका रात्रीत बुजवता येते आणि तिच्यासाठी कोणाला जाबही द्यावा लागत नाही.

आता बाळकुम ते गायमुख हा तेरा किलोमीटरहून अधिक लांबीचा किनारी मार्ग होऊ घातला आहे. कांदळवनांविषयी मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये दिलेल्या निकालाने त्यांच्याभोवतीच्या पन्नास मीटर पट्ट्यालाही संरक्षण दिले आणि सार्वजनिक हिताच्या कामासाठी तोड करायची झाली तरी न्यायालयाची परवानगी आवश्यक ठरवली. तो निकाल अक्षरशः पाळला जावा, ही आमची अपेक्षा आहे. शिवाय हा मार्ग झालाच, तर तो खाडी आणि शहर यांच्यामध्ये भिंतीसारखा उभा राहू नये. वाघबीळच्या किंवा ओवळ्याच्या माणसाला त्याच्या खालून सायकल घेऊन किनाऱ्यापर्यंत जाता आले पाहिजे. हे आज आराखड्यात दाखवले नाही, तर उद्या डांबर पडल्यावर कोणीही दाखवू शकणार नाही.

येथे मला एक गोष्ट अगदी स्पष्ट करायची आहे, कारण आमच्या मागणीचा चुकीचा अर्थ लावून चुकीचे काम होण्याची भीती वाटते. आम्हाला खाडीत भराव घालून किंवा जंगलात झाडे तोडून बांधलेला, रंगीत, दिव्यांनी उजळलेला सायकलमार्ग नको आहे. पवईच्या तलावाभोवती तसा मार्ग बांधायला घेतला गेला होता. मुंबईतील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध याचिका केली आणि ६ मे २०२२ रोजी उच्च न्यायालयाने ते बांधकाम बेकायदा ठरवून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. मी सायकलच्या बाजूची आहे आणि तरीही मला तो निकाल योग्य वाटतो. पाणथळ जागेवर दगड टाकून केलेल्या मार्गावर सायकल चालवायची आणि त्याला पर्यावरणपूरक म्हणायचे, हे मला पटत नाही. तिवराच्या झाडाची मुळे चिखलातून वर येऊन श्वास घेतात. त्यांच्यावर भराव पडला की झाड उभ्या उभ्या वाळते. जेथे आधीच टणक जमीन आहे, बांध आहे, पायवाट आहे, तेथूनच मार्ग जावा. जेथे ती नाही तेथे मार्गाने शहराच्या बाजूला वळसा घ्यावा. दोन-पाच मिनिटे जास्त लागली तर सायकलस्वाराचे काही बिघडत नाही.

दुसरा धडा वांद्रे-कुर्ला संकुलाचा आहे. तेथे २०११ च्या सुमारास रस्त्याच्या कडेने सायकलमार्ग झाला, त्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या, आणि शेवटी तो उखडला गेला. त्यावरून मुंबईच्या लोकांना सायकल नकोच असा निष्कर्ष अनेकांनी काढला. माझ्या मते तो निष्कर्ष चूक आहे. मोटारीला जेथे चढता येते तेथे ती चढते, आणि ती उतरवायला कोणी नसेल तर तेथेच राहते. त्यामुळे रंगाचा पट्टा ओढून सायकलमार्ग होत नाही. मोटार तेथे येणारच नाही अशी व्यवस्था लागते, आणि ती व्यवस्था पाळली जाते की नाही हे पाहणारा माणूस लागतो.

म्हणून आमची मुख्य मागणी बांधकामाची नाही. जे रस्ते आणि ज्या वाटा आज आहेत, त्यांतल्या काहींवरून मोटार काढून घ्या, काही ठरावीक तासांपुरती आणि काही कायमची. यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ खाली सार्वजनिक सुरक्षिततेसाठी एखाद्या रस्त्यावर किंवा क्षेत्रात वाहनांना बंदी घालण्याचा अधिकार शासनाला आहे आणि मिरवणुकांसाठी, पुलांच्या दुरुस्तीसाठी शहरांत वाहतुकीचे निर्बंध नेहमीच अधिसूचना काढून लागू होतात. २०२२ च्या मार्चमध्ये मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते वाहनांसाठी बंद करून नागरिकांना मोकळे करून दिले, तेव्हा मरीन ड्राइव्हवर मुले सायकली घेऊन आली होती. कोलंबियाच्या बोगोता शहरात १९७४ पासून असे चालू आहे. तेथे दर रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत शंभराहून अधिक किलोमीटर रस्ते मोटारींना बंद असतात. इतक्या दूरचे उदाहरण नको असेल तर माथेरान जवळ आहे. दस्तुरी नाक्याला मोटार ठेवून लोक पुढे पायी जातात, घोड्यावर जातात, आणि सुट्टीत माथेरानची गर्दी त्यामुळे कमी झालेली मी तरी पाहिलेली नाही. आपल्याच राष्ट्रीय उद्यानात, बोरिवलीच्या बाजूला, कान्हेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर भाड्याच्या सायकली वर्षानुवर्षे फिरत आहेत. डोंगराच्या त्या उतारावर जे चालते ते या उतारावर का चालू नये?

या मागणीवर येणारे दोन आक्षेप खरोखर वजनदार आहेत आणि त्यांचा विचार आम्ही केला आहे.

पहिला आक्षेप येऊरच्या पाड्यांचा. तेथे राहणाऱ्या वारली आणि इतर आदिवासी कुटुंबांना दवाखाना, शाळा, बाजार यांसाठी हाच रस्ता आहे. रस्त्यावर बंदी म्हटले की सर्वांत आधी अडवले जातात ते पाड्यावरचे लोक, आणि बंगल्याकडे जाणारी मोटार मात्र ओळख सांगून पुढे जाते, असा अनुभव अनेक ठिकाणी आलेला आहे. तसे होणार असेल तर आम्हाला ही बंदीच नको. रहिवाशांची वाहने, रुग्णवाहिका, शाळेची आणि परिवहनाची बस, भाजी-दुधाचे टेम्पो यांना पूर्ण मोकळीक असावी, त्यांना दर वेळी कागद दाखवावे लागू नयेत, आणि बंदीचे तास पाड्यांतील लोकांशी बोलूनच ठरावेत. उलट बाहेरच्या मोटारी थांबल्या तर नाक्यावर सायकली भाड्याने देण्याचे, त्या दुरुस्त करण्याचे आणि वाट दाखवण्याचे काम पाड्यांतील तरुणांना मिळू शकते. ते काम त्यांच्याच बचत गटांकडे आणि वन समित्यांकडे राहावे, बाहेरच्या ठेकेदाराकडे जाऊ नये, असा माझा आग्रह आहे.

दुसरा आक्षेप वन्यजीवांचा. सायकल आवाज करत नाही, धूर सोडत नाही, म्हणून ती जंगलात कोठेही चालेल असे काही सायकलप्रेमी मित्र म्हणतात. मला ते मान्य नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या आतल्या पायवाटा प्राण्यांच्या आहेत आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार तेथे परवानगीशिवाय कोणालाही जाता येत नाही; सायकलला तेथे सवलत मागू नये. शिवाय उतारावर वेगाने आणि मुकाट्याने येणारी सायकल प्राण्याला अचानक गाठते, तेव्हा दोघांनाही धोका असतो. म्हणून आम्ही फक्त डांबरी रस्त्याविषयी बोलत आहोत, आणि तोही सूर्योदयानंतर ते सूर्यास्तापूर्वी. पहाटेची आणि संध्याकाळची वेळ बिबट्याची आहे. ती त्याला असू द्यावी आणि आम्ही घंटी वाजवत, सावकाश, दिवसा जावे. हा नियम मोडणाऱ्या सायकलस्वारालाही दंड व्हावा.

पैशाचा मुद्दा निघेल म्हणून एक गोष्ट लिहिते. टिकुजिनीवाडीपासून मागाठाण्यापर्यंत याच जंगलाच्या पोटातून जाणाऱ्या जुळ्या बोगद्याच्या ११.८ किलोमीटरच्या प्रकल्पाचे भूमिपूजन १३ जुलै २०२४ रोजी झाले. त्याचा खर्च सुमारे १६,६०० कोटी रुपये सांगितला गेला. तो बोगदा व्हावा की नाही हा या पत्राचा विषय नाही. मात्र तो सुरू झाल्यावर मानपाड्याच्या बाजूला, अगदी जंगलाच्या पायथ्याशी, मोटारींची वर्दळ किती वाढेल याचा अंदाज आपणा सर्वांना आहे. मोटारीसाठी डोंगर पोखरण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांनी सायकलसाठी काही लोखंडी खांब, फलक आणि नाक्यावरची माणसे यांची तरतूद करायला हात आखडता घेऊ नये, इतकेच माझे म्हणणे आहे.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. येऊरच्या नाक्यापासून वर जाणारा रस्ता शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्यांच्या दिवशी सूर्योदयापासून सकाळी अकरापर्यंत बाहेरच्या सर्व मोटारी व दुचाक्यांना बंद करावा. सुरुवात सहा महिन्यांच्या प्रयोगाने करावी आणि त्याचा अहवाल प्रसिद्ध करावा. रात्री बाहेरच्या वाहनांना तेथे प्रवेश नसावा आणि त्याला कोणाचाही अपवाद नसावा.

२. पाड्यांतील रहिवाशांशी त्यांच्या पाड्यावर जाऊन बैठक घ्यावी आणि तिचा वृत्तांत जाहीर करावा. ही बैठक झाल्याशिवाय पहिली मागणी अमलात आणू नये. ठाणे स्थानकापासून येऊरपर्यंत परिवहनाच्या बसच्या फेऱ्या वाढवाव्यात.

३. घोडबंदर रस्त्याच्या नव्या रचनेत दोन्ही बाजूंना उंच कडेने वेगळी केलेली सायकल मार्गिका असावी. आराखड्यात ती नसेल तर का नाही, याचे लेखी कारण द्यावे. मानपाडा, पाटलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली येथील चौकांत सायकल आणि पादचारी यांना रस्ता ओलांडण्यासाठी पुरेसा वेळ देणारे सिग्नल असावेत. पादचारी पूल हा सायकलस्वाराच्या कामाचा नसतो, त्यामुळे पूल आहे हे उत्तर देऊ नये.

४. डोंगराच्या पायथ्यापासून खाडीपर्यंत जाणारे किमान तीन आडवे रस्ते निवडून ते सायकल व पादचारी यांना प्राधान्य देणारे रस्ते म्हणून घोषित करावेत. तेथे वाहनांचा वेग ताशी वीस किलोमीटरपर्यंत मर्यादित असावा आणि दोन्ही बाजूंना वाहने उभी करण्यास मनाई असावी. शाळा ज्या रस्त्यांवर आहेत ते आधी घ्यावेत.

५. साकेत-बाळकुमपासून गायमुखापर्यंतच्या किनाऱ्यावरील जुने बांध, वहिवाटी आणि पायवाटा यांची नोंद गावांतील कोळी व आगरी बांधवांना सोबत घेऊन करावी आणि त्या विकास आराखड्याच्या नकाशावर आणाव्यात. त्यांतल्या ज्या वाटांवर कांदळवनाला धक्का न लावता सायकल जाऊ शकते, तेवढ्याच सायकलसाठी खुल्या कराव्यात. भराव, काँक्रीट आणि रात्रीचे दिवे यांना तेथे पूर्ण मनाई असावी. मासेमारीसाठी जाणाऱ्यांचा हक्क सर्वांच्या आधी राहावा.

६. किनारी मार्गाच्या आराखड्यात खाडीपर्यंत पोहोचण्याची ठिकाणे आताच निश्चित करावीत आणि तो आराखडा मराठीत, सर्वसामान्य माणसाला वाचता येईल अशा नकाशासह, हरकतींसाठी खुला करावा.

७. वनविभाग, कांदळवन कक्ष, महापालिका, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि वाहतूक पोलीस या सर्वांच्या प्रतिनिधींसह सायकलस्वार, पाड्यांतील रहिवासी आणि शाळा यांची एक समिती नेमावी. आज एका कार्यालयात गेले की रस्ता दुसऱ्याचा आहे असे सांगितले जाते, दुसरीकडे गेले की जागा तिसऱ्याची असते. आम्हाला एकच दार हवे आहे, आणि त्या दारामागे उत्तर देण्याची जबाबदारी असलेला एक अधिकारी.

यांतल्या पहिल्या दोन मागण्यांसाठी निविदा काढावी लागत नाही, त्यामुळे त्या येत्या पावसाळ्यापूर्वी पूर्ण होऊ शकतात. उरलेल्यांना वेळ लागेल हे आम्ही जाणतो आणि ठरलेले वेळापत्रक जाहीर झाले तर थांबण्याचीही आमची तयारी आहे. या पत्राचे उत्तर एका महिन्याच्या आत लेखी मिळावे आणि त्यानंतर सर्व संबंधितांची एक जाहीर बैठक घोडबंदर पट्ट्यातच, संध्याकाळी सातनंतर ठेवावी, म्हणजे कामावरून परतणाऱ्यांनाही येता येईल. माझ्या शाळेतील मुलांनी आपल्या घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्यांचे नकाशे काढले आहेत आणि त्यावर जेथे भीती वाटते त्या जागा लाल रंगाने दाखवल्या आहेत. बैठकीला ते नकाशे मी घेऊन येईन.

आपली नम्र,
घोडबंदर पट्ट्यातील एक सायकलस्वार शिक्षिका